घर विकायचंय? मग आधी एजंट पारखून घ्या



बाजारात मेथीची जुडी घेताना आपण ती उलटून बघतो. शेळी विकायची असली तर चार व्यापाऱ्यांना दाखवतो, आणि दावं सोडायच्या आधी पैसे मोजून घेतो. पण घर विकायची वेळ आली, की जो पहिला माणूस 'माझ्याकडे गिऱ्हाईक आहे' म्हणतो, त्याच्याच हातात सगळा कारभार जातो. आपण आयुष्यात एखाद्यावेळी घर विकतो. एजंटचा मात्र तो रोजचा धंदा असतो. त्याला खाचाखोचा माहीत असतात, आपल्याला नसतात. म्हणून हा लेख.

गेल्या काही महिन्यांत गटांच्या बैठकांना गेले, की हा प्रश्न निघतोच. कुणाचं सासरचं घर बंद पडून आहे, कुणाला मुलीच्या शिक्षणासाठी पैसे हवेत, कुणाच्या घरी दवाखान्याचा खर्च झालाय. प्रश्न बहुतेक एकच असतो, "एजंटला किती द्यायचे?" खरं तर हा शेवटचा प्रश्न आहे. त्याच्या आधी बरंच काही बघायचं असतं. ते ओळीने बघू.

एजंट लागतोच का?

एजंट म्हणा, दलाल म्हणा, काम एकच: घेणारा शोधणं, घर दाखवणं, भाव जुळवून देणं आणि कागदपत्रांसाठी धावपळ करणं. घर तालुक्याच्या गावी असेल, बाहेरचे लोक तिथे राहायला येत असतील, तर एजंटचा उपयोग होतो. त्याच्याकडे घेणाऱ्यांचे फोन येत असतात.

पण घर गावठाणात, गल्लीच्या आत असेल, तर घेणारा बहुतेक वेळा तिथलाच असतो. शेजारी, भाऊबंद, नाहीतर त्याच गावचा पण पुण्या-मुंबईला नोकरी करणारा माणूस. अशा वेळी आधी ग्रामसंघाच्या बैठकीत सांगा, डाव्या-उजव्या शेजाऱ्यांना विचारा. महिनाभर वाट बघा. जो घेणारा तुम्हीच शोधू शकता, त्याच्यासाठी दलाली कशाला द्यायची?

आणखी एक. कर्जाचे हप्ते थकलेत म्हणून घर विकायला निघाला असाल, तर आधी गटात बोला. घाईत विकलेलं घर कधीच पूर्ण भावात जात नाही. तुम्ही अडचणीत आहात हे एजंटला कळलं, की तो 'आत्ता पन्नास हजार उचल घ्या, नंतर बघू' म्हणतो. ती उचल घेतली की तुमचे हात बांधले गेले. मग भाव तो ठरवतो.

आधी कागद बघा

एजंटकडे जायच्या आधी आपल्याला माहीत हवं, की घर कागदावर कुणाचं आहे.

गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा असतो. पण तो घरपट्टीसाठीचा कागद आहे, मालकीचा पक्का पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत, म्हणजे २०२० साली सुरू झालेल्या ड्रोन मोजणीत, तुमचं गाव आलं असेल तर घराचं मालमत्ता पत्रक निघालेलं असू शकतं. ते भूमी अभिलेख कार्यालयातून काढून घ्या. घर शेतात किंवा बिगरशेती प्लॉटवर असेल तर सातबारा काढा.

उताऱ्यावर नाव कुणाचं, ते नीट वाचा. नवरा वारला असेल आणि नाव अजून त्याचंच असेल, तर आधी वारस नोंद करावी लागते. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे नवऱ्याने मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्याच्या नावच्या मालमत्तेत बायको, मुलगे, मुली आणि त्याची आई या सगळ्यांचा सारखा हिस्सा असतो. लग्न होऊन गेलेल्या लेकीचाही. घर वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे. इतर धर्मांच्या कुटुंबांत वारशाचे नियम वेगळे आहेत, ते वकिलाकडून समजून घ्या.

म्हणजे काय, तर सगळ्या हिस्सेदारांच्या सह्या लागतात. 'लेकीची सही नको, आपण जमवू' असं जो एजंट म्हणतो, तो तुम्हाला कोर्टाच्या वाटेला लावतोय असं समजा. हिस्सेदारांत अल्पवयीन मूल असेल तर कोर्टाची परवानगी लागू शकते.

बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल, तर तो फेडून 'कर्ज बाकी नाही' असा दाखला घ्या. घरकुल योजनेतलं घर असेल, तर विकण्यावर काही अट आहे का ते पंचायत समितीत विचारा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची असेल, किंवा आदिवासी कुटुंबाची जमीन बिगर-आदिवासी माणसाला द्यायची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही. गायरानावरचं घर तर आपल्या मालकीचंच नसतं, ते विकता येत नाही.

भाव आपल्याला आधी माहीत हवा

शासन दरवर्षी प्रत्येक गावाचे जमीन-मालमत्तेचे दर ठरवतं. त्याला रेडी रेकनर म्हणतात. नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर ते फुकट बघता येतात. सीआरपी ताईंच्या मोबाईलवर बसून दहा मिनिटांत बघून होतं. हा दर मुद्रांक शुल्क मोजण्यासाठी असतो. बाजारभाव त्याहून जास्त किंवा कमी असू शकतो. पण निदान एक खुंटी मिळते.

मग गेल्या वर्ष-दोन वर्षांत आपल्या आळीत कोणतं घर कितीला गेलं, ते विचारा. विकणाऱ्यालाही विचारा आणि घेणाऱ्यालाही. दोघांचे आकडे वेगळे आले, तर मधले पैसे कुठे गेले तेही कळेल!

एजंटला विचारायचे प्रश्न

कमीत कमी तीन एजंटना भेटा. एकटीने जाऊ नका, गटातली एखादी मैत्रीण बरोबर घ्या आणि वही-पेन न्या. तिघांनाही हेच प्रश्न विचारा आणि उत्तरं त्याच्यासमोर लिहून घ्या. लिहून घेतोय म्हटलं की माणूस जरा जपून बोलतो.

१. आमच्या भागात गेल्या वर्षात कोणती घरं विकून दिली? त्यातल्या दोन *विकणाऱ्यांचे* फोन द्या. (घेणारा खूश असतोच. विकणाऱ्याला विचारलं की खरं कळतं.)

२. आमच्या घराचा भाव किती येईल, आणि तो कशावरून सांगता?

३. तुम्ही दलाली आमच्याकडून घेणार, घेणाऱ्याकडून, की दोघांकडून?

४. घर कसं दाखवणार? किती लोकांना दाखवलं ते आम्हाला कसं कळवणार?

५. घेणारा तुमच्या नात्यातला किंवा धंद्यातला भागीदार असेल तर सांगाल का?

आता उत्तरं कशी तोलायची ते बघा. सगळ्यात जास्त भाव सांगणारा एजंट सगळ्यात चांगला, असं मुळीच नाही. काही जण मुद्दाम चढा आकडा सांगतात, घर आपल्या हातात घेतात, आणि दोन महिन्यांनी म्हणतात, "ताई, बाजार पडलाय, आता कमी करावं लागेल." ज्याने शेजारच्या विक्रीचा दाखला देऊन आकडा सांगितला, त्याच्यावर जास्त भरवसा ठेवा.

काही एजंट 'मी रेराचा नोंदणीकृत आहे' असं सांगतात. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे, नोंदणी झालेल्या नव्या प्रकल्पातले फ्लॅट किंवा प्लॉट विकायचे तर एजंटला महारेराकडे नोंदणी करावीच लागते. नोंदणी खरी आहे का, ते महारेराच्या वेबसाईटवर नाव टाकून बघता येतं. गावातल्या जुन्या घराच्या विक्रीला हा नियम सरळ लागू होत नाही. म्हणून नोंदणी असली तर चांगलंच, पण तेवढ्यावर विसंबू नका. बाकीचे प्रश्न विचाराच.

आणि ही खूण नक्की लक्षात ठेवा. घर तुमच्या नावावर असताना जो एजंट तुमच्याशी न बोलता 'घरातल्या पुरुषमाणसाला बोलवा' म्हणतो, तो पुढेही तुम्हाला विचारणार नाही. त्याला चहा द्या आणि वाटेला लावा.

"तुमच्या हातात अमुक आले म्हणजे झालं ना?"

हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. एजंट म्हणतो, "ताई, मला दलालीचा एक पैसा नको. तुमच्या हातात नऊ लाख देतो. वर काय मिळेल ते माझं." ऐकायला गोड लागतं. आता हिशोब करू.

समजा घेणारा साडेअकरा लाखांना तयार आहे. वरच्या बोलीप्रमाणे तुम्हाला मिळाले ९ लाख, एजंटला अडीच लाख. त्याऐवजी तुम्ही २ टक्के दलाली ठरवली असती, तर साडेअकरा लाखांवर २३,००० रुपये गेले असते आणि तुमच्या हातात ११,२७,००० आले असते. म्हणजे फुकटातल्या एजंटने तुमचे २,२७,००० रुपये नेले. मुलीच्या कॉलेजची फी यातून निघाली असती.

शिवाय हे वरचे पैसे बहुतेक रोखीत फिरतात आणि कागदावर येत नाहीत. उद्या भांडण झालं तर कागद तुमच्या नावाचा असतो, एजंटच्या नाही.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात एजंटची जबाबदारी लिहिलेली आहे. एजंटने मालकाला हिशोब दिला पाहिजे. मालकाला न सांगता त्याने त्या व्यवहारात स्वतःचा धंदा केला, तर झालेला फायदा मालक मागू शकते. पण तुम्हीच 'वरचं तुझं' म्हणून बसलात, तर मागणार कशाच्या जोरावर? म्हणून नेहमी टक्क्यात किंवा ठरलेल्या रकमेत बोला. आणि घेणाऱ्याशी एकदा तरी समोरासमोर, एजंटसमोरच भाव बोलून घ्या.

दलाली किती आणि कधी?

गावातल्या जुन्या घराच्या विक्रीत कायद्याने ठरवलेला दर नाही. साधारण एक ते दोन टक्के चालतात. एजंट दोन्हीकडून घेणार असेल, तर आपला टक्का कमी करून मागा. आपण गिऱ्हाईक आहोत, मागायला लाजायचं काय!

दर किती यापेक्षा कधी द्यायची हे महत्त्वाचं. करार कायद्याप्रमाणे वेगळं काही ठरलेलं नसेल, तर एजंटचा मोबदला काम पूर्ण झाल्यावरच देय होतो. 'फाईल खर्च', 'जाहिरात खर्च', 'साहेबांचा खर्च' अशा नावाने आधी पैसे मागितले तर देऊ नका. खरेदीखत नोंदलं गेलं, पूर्ण पैसे तुमच्या खात्यात आले, की मग दलाली द्या. तीही ऑनलाईन किंवा चेकने द्या आणि पावती घ्या. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सहसा घेणारा भरतो. ते तुमच्या पैशातून कापू देऊ नका.

तोंडी नको, लेखी ठेवा

एका कागदावर साध्या मराठीत एवढं लिहा आणि दोघांच्या सह्या करा:

– घराचा पत्ता आणि मालमत्ता क्रमांक.

– कमीत कमी किती किमतीला विकायचं. त्याखाली तुमच्या लेखी होकाराशिवाय बोली करायची नाही.

– दलाली किती आणि ती कधी द्यायची.

– मुदत: दोन किंवा तीन महिने. मुदत संपली की करार संपला.

– तुम्ही स्वतः घेणारा शोधला तर दलाली लागणार नाही.

– एजंटने तुमच्या वतीने कोणतेही पैसे स्वीकारायचे नाहीत.

शेवटची दोन कलमं बघून एजंट कुरकुर करेल. करू द्या. सही करायला जो अजिबात तयार नाही, त्याने आपलं उत्तर दिलं असं समजा. दोन साक्षीदार गटातलेच ठेवा आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा.

या गोष्टी एजंटच्या हाती द्यायच्या नाहीत

*मूळ कागद.* फक्त झेरॉक्स द्या. प्रत्येक झेरॉक्सवर आडवं लिहा, 'फक्त घर विक्रीच्या चौकशीसाठी', तारीख घाला आणि सही करा. आधार कार्डाची प्रत देताना पहिले आठ अंक झाका.

*कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा.* कितीही ओळखीचा असला तरी नाही.

*कुलमुखत्यारपत्र.* 'तुम्हाला सारखं तालुक्याला यायला नको, मला अधिकार द्या, मी सगळं करतो' असं म्हणून हे करून घेतात. कुलमुखत्यारपत्र म्हणजे तुमच्या सहीचा अधिकार दुसऱ्याला देणं. त्याने घराची मालकी बदलत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ साली स्पष्ट सांगितलंय. पण ज्याला अधिकार दिला, तो तुमच्या नावाने व्यवहार करू शकतो आणि पैसे उचलू शकतो. तालुक्याला दोन खेपा जास्त झाल्या तरी चालतील, सही स्वतःच करा.

*घराची किल्ली.* बंद घर दाखवायचं असेल तर तुम्ही किंवा तुमचं माणूस बरोबर असू द्या. तुम्ही घरात एकट्या राहत असाल, तर बघायला येणाऱ्याचं नाव-गाव आधी कळवायला सांगा, दिवसाउजेडीची वेळ द्या आणि शेजारणीला बोलावून ठेवा.

पैसे आणि सही: दोन्ही एकाच दिवशी

व्यवहाराच्या तीन पायऱ्या असतात. आधी विसार पावती, म्हणजे थोडी रक्कम घेऊन शब्द पक्का करणं. मग साठेखत, म्हणजे पुढे विकायचा करार. शेवटी खरेदीखत, ज्याने मालकी जाते. खरेदीखत दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवावंच लागतं. नुसत्या स्टँप पेपरवर नोटरी करून घराची मालकी जात नाही. तसं करून घराचा ताबा देऊन बसलात, तर घरही गेलं आणि पैसेही अडकले अशी गत होते.

विसार पावतीवर एकूण किंमत, मिळालेली रक्कम, बाकी कधीपर्यंत द्यायची आणि नाही दिली तर काय, हे सगळं लिहिलेलं हवं.

रोख रक्कम मोठी घेऊ नका. आयकर कायद्याप्रमाणे घर-जमिनीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोखीत घेता येत नाहीत. घेतले, तर जेवढे घेतले तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे पैसे स्वीकारणाऱ्या तुम्हाला. दोन्ही बाजूंचं उत्पन्न फक्त शेतीचं असेल तर थोडी सवलत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. पैसे तुमच्या स्वतःच्या बँक खात्यात घ्या. पुतण्याच्या, जावयाच्या किंवा एजंटच्या खात्यात नको.

सहीच्या दिवशी खरेदीखत आधी पूर्ण वाचून घ्या. वाचता येत नसेल तर बरोबरच्या मैत्रिणीकडून मोठ्याने वाचून घ्या. रांग लागली असली तरी. किंमत ठरली तेवढीच लिहिलीय का, 'सर्व रक्कम मिळाली' असं लिहिलं असेल तर ती खरंच खात्यात आलीय का, ते बँकेच्या मेसेजवर नाही, पासबुकात किंवा बँकेत फोन करून बघा. चेक दिला असेल तर तो वटेपर्यंत सही थांबवा. डीडी असेल तर तो खरा आहे का, ते बँकेत विचारून घ्या. पैसे आले, मग सही, मग किल्ली. हा क्रम मोडू नका.

नंतर नोंदणी झालेल्या दस्ताची प्रत आणि सूची क्रमांक २ चा उतारा जपून ठेवा. घरपट्टी आणि लाईटचं मीटर घेणाऱ्याच्या नावावर झालं का, ते बघा. नाहीतर बिलं तुमच्या नावाने येत राहतात.

अडचण आलीच तर

एजंट फसवतोय असं वाटलं, तर पहिलं काम: कुठेही सही करू नका. दुसरं, त्याला लेखी कळवा की तुमचं काम मी थांबवलंय. व्हॉट्सॲपवर पाठवलं तरी पुरावा राहतो. तिसरं, तालुका विधी सेवा समितीत जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही, कारण स्त्रीला हा हक्क उत्पन्न न बघता दिलेला आहे. हेल्पलाईनचा नंबर १५१००. पैसे घेऊन एजंट पळाला असेल तर पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. एकटं जायचं नाही, गट बरोबर न्यायचा.

मोठा व्यवहार असेल तर सहीच्या आधीच वकिलाला एकदा कागद दाखवा. एजंटचा वकील नको, आपला.

हा लेख पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचा. आणि एक काम सगळ्यांनी करायचं: आपल्या घराचा नमुना ८ किंवा मालमत्ता पत्रक काढून आणायचं आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते गटात वाचून दाखवायचं. घर विकायचं नसलं तरी. ज्यांचं नाव नाही, त्यांची यादी बुककीपर ताईंनी करून ठेवावी. महिन्याच्या दौऱ्यात मी ती बघेन आणि नाव लावायचे अर्ज आपण सोबत बसून भरू.

– तुमची क्षेत्र समन्वयक